तुझा कॅमेरा बघून विचारतात, कोण गेलं

मामा, दीड-दोन महिन्यांपूर्वी शिरवण्याच्या गल्लीत एका बाईनं मला थांबवलं. ओळखीची नव्हती. दारात तांदूळ निवडत बसली होती. माझ्या गळ्यात तुझा कॅमेरा दिसला तशी सूप बाजूला ठेवून उठली, डोक्यावर पदर घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेला गं?"

मी म्हटलं, कुणी नाही मावशी, सहज आलेय. तिला ते पटलं नाही. मी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ती दारातच उभी होती. मी कुठल्या घरात शिरते ते तिला बघायचं होतं.

तू गेलास, हे मला तिथं सांगता आलं नाही.

तुझा जन्म कधीचा, तू कितवीपर्यंत शिकलास, मागे कोण कोण आहे, हे सगळं तुझ्या लेकानं, जयेशनं, उत्तरकार्याच्या पत्रिकेत छापलंय. मी ते परत लिहीत नाही. मला तुझ्याशी तोंडावर जे बोलता आलं नाही ते लिहिते. आणि तुझा कॅमेरा घेऊन महिनाभर फिरताना अनोळखी माणसं काय काय बोलली तेही सांगते. ते ऐकायला तुला आवडलं असतं, पण चेहऱ्यावर तसं दाखवलं नसतंस.

तुला ठाऊक असलेलंच थोडं वाचणाऱ्यांसाठी सांगावं लागेल. शिरवण्यात तुझा फोटो स्टुडिओ होता आणि तू मेलेल्या माणसांचे फोटो काढायचास. लग्नाला, बारशाला लोक पनवेलहून दुसरे फोटोवाले आणायचे. गावात कुणी गेलं की मात्र पहिला निरोप तुला. खाडीकाठच्या आपल्या गावांत तेव्हाच्या कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्मभरात एकही फोटो नव्हता. उचलायच्या आधी तू पोचायचास, घरची माणसं भोवती बसायची, तू दोन-तीन फोटो काढून कुणाशी न बोलता निघायचास.

कॅमेरा तोच, दोन भिंगांचा काळा चौकोनी डबा. तो डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचा आणि वरून आत बघायचं. त्यामुळं फोटो काढताना तुझी मान आपोआप खाली जायची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हा मयताला नमस्कार करतोय. तसं तू करतही असशील. मी कधी विचारलं नाही.

खरं काम पुढं स्टुडिओत असायचं. लोकांना भिंतीवर निजलेला माणूस नको असतो. डोळे उघडून द्या, असं सांगून जायचे. तू मोठी प्रिंट काढायचास आणि भिंगातून बघत, दोन-तीन केसांच्या ब्रशनं मिटल्या पापण्यांवर डोळे काढायचास. त्यासाठी तुला समोर जिते डोळे लागायचे. मी सहा वर्षांची झाल्यापासून ते माझे होते. शनिवारी दुपारी, मे महिन्याच्या सुट्टीत, दिवाळीत, तू मला खिडकीसमोरच्या स्टुलावर बसवायचास आणि म्हणायचास, "बाय, हिकरं बघ." बास, एवढंच. मग अर्धा तास शांतता. बदल्यात बर्फाचा गोळा. मला वाटायचं तू माझंच चित्र काढतोयस. मामाने माझी वीस चित्रं काढली, असं मी वर्गात सांगायचे. आईला सांगितलं की ती उठून जायची.

एकोणीस वर्षांची झाले, वाशीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा शिरवण्यातच एका मैत्रिणीच्या बहिणीच्या हळदीला गेले. बाहेर बेंजो वाजत होता. मी पाणी प्यायला आतल्या खोलीत शिरले. भिंतीवर हार घातलेले चार फोटो होते. आजा, आजी, काका आणि एक तरुण सून. चौघंही माझ्याच डोळ्यांनी माझ्याकडं बघत होती. बुबुळात पांढरा ठिपकासुद्धा तोच, तुझ्या स्टुडिओच्या खिडकीच्या उजेडाचा. मी पाणी न पिता बाहेर आले. अंगाला लागलेली हळद तशीच घेऊन तडक तुझ्याकडं आले.

त्या वेळी दुकानात एक गिऱ्हाईक होतं. आपल्या आईचा फोटो न्यायला आलेला माणूस. मी त्याच्यासमोर तुला बोलले.

"तू लोकांना फसवतोस मामा. मेलेल्या माणसांना माझे डोळे लावतोस. त्यांना विचारलंस? मला विचारलंस?"

त्या माणसानं हातातल्या फोटोकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग फोटो पिशवीत घातला आणि गेला. तू ब्रश फडक्याला पुसत होतास. वर न बघता म्हणालास, "शिकलेली हायस तू. बरोबर बोलत असशील."

त्या दिवसानंतर तू एकाही फोटोचे डोळे उघडले नाहीस. लोक डोळे मिटलेले फोटो घेऊन जायला नाराज असायचे. मग दुसरीकडं जायला लागले. मग स्टुडिओ बंद झाला, पुढं तो होता ती चाळही पाडली, आणि तू कोपरखैरण्याला जयेशकडं राहायला आलास. मोबाईल आला आणि फोटोवाले संपले, असं सगळे म्हणतात. मीही चारचौघांत तेच म्हणते. पण कशानंतर काय झालं ते मला माहीत आहे. मोबाईल नंतर आला.

आपल्या दोन्ही घरांत मी पहिली पदवीधर. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आज न्हावा शेवा बंदराच्या कामाचं एक ऑफिस माझ्या सहीवर चालतं. कंटेनरची कागदपत्रं मी तपासते, त्यात खोटं काही चालू देत नाही. पण शिक्षणाचा पहिला वार मी तुझ्यावर केला, हेही खरं आहे. पदवी मिळाली तेव्हा तू न सांगता ती फ्रेम करून आणलीस. तुझ्याकडं फ्रेम एकाच जातीची, काळी, आत सोनेरी रेघ. मेलेल्यांची. आईनं कपाळाला हात लावला. शेजारच्या आजीला वाचता येत नव्हतं, तिनं पदवीला हात जोडले आणि विचारलं, कधी वारले. तू दारात उभा राहून हसू दाबत होतास. तुझा राग गेला असेल असं मला त्या दिवशी वाटलं. नंतर वाटेनासं झालं. विचारायचं राहिलं.

तू गेलास त्या सकाळी तुला जयेशच्या बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये आणून ठेवलं होतं. शिरवण्याहून माणसं आली होती. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या पांडूआजाला रिक्षानं आणलं होतं. त्याला आता दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत नाही. कोण गेलंय ते त्याला वाटेत सांगितलं होतं, तो रडलाही होता. पण सवय कुठं जाते. पाणी-बिणी घालून झालं, सगळे खोळंबले, तशी त्यानं काठी आपटली आणि म्हणाला, "अरं, बालारामला बोलवा ना कोनीतरी. ऊन वाढतंय."

फोटो काढायला तो तुलाच बोलवत होता. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाईसुद्धा थांबली. पांडूआजाच्या ध्यानात आलं तसा तो जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मामीनं माझ्याकडं बघितलं.

मी वर गेले. कपाटावर टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा काढला. त्यात रोल भरलेला होता, अगदी कोरा. इतकी वर्षं धंदा बंद, तरी तू फ्रीजच्या दारात अंड्यांच्या जागी रोल ठेवायचास आणि मामी रोज कुरकुर करायची. मरण सांगून येत नाही, रोल भरलेला पायजे, हे तुझं म्हणणं. खाली येऊन मी तुझ्या पायाशी उभी राहिले, कॅमेरा पोटाशी धरला, मान खाली घातली. काचेत सगळं उलट दिसतं, डावं उजवीकडं. तुझ्या गालावरचा तीळ दुसऱ्या बाजूला गेला होता. क्षणभर वाटलं, हा दुसराच कुणीतरी आहे. तेवढ्यात मी दाबलं.

एकच फोटो काढला. दुसरा काढायला मान वर करून चावी फिरवावी लागली असती, आणि मान वर करण्याइतकी मी धड नव्हते.

तेराव्याला जयेशनं तुझा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तू पकडलेल्या चोरासारखा दिसतोस. मामीनं तो भिंतीकडं तोंड करून ठेवला. मग जयेशनं मोबाईलवर तुझा हॉस्पिटलमधला झोपलेला फोटो घेतला आणि कसल्याशा ॲपनं डोळे उघडून दाखवले. दहा सेकंदांत झालं. स्वच्छ, पाणीदार डोळे. मामीनं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "हा कोनाचा मानूस?" म्हणाली.

मग सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तुझ्या एका बोलन्यानं त्यानं बरश खाली ठेवला. आता तूच उचल."

मी म्हटलं मामी, मला येत नाही. ते खरं होतं, पण उत्तर ते नव्हतं. ज्याला मी फसवणूक म्हटलं ते मी तुझ्याच तोंडावर करायचं? आणि नाही केलं, तर मामीनं उरलेला जन्म तुझ्या मिटल्या पापण्यांकडं बघत काढायचा? मी म्हटलं, आधी रोल तर धुऊन येऊ दे.

रोल बारा फोटोंचा. एक झाला होता, अकरा शिल्लक. अर्धा रोल धुवायला काढायचा नाही हा तुझा नियम. त्यामुळं एकाच रोलवर दोन-तीन घरांची मयतं असायची. फोटोची घाई करणाऱ्यांना तू सांगायचास, रोल भरू दे. रोल भरू दे म्हणजे काय ते त्यांच्या ध्यानात आलं की ते घाई करायचे थांबायचे. मी ठरवलं, उरलेले अकरा जित्या माणसांचे काढायचे. अकरा भिंतींचे काढून रोल एका तासात संपवता आला असता, हेही मला कळत होतं. मला तो संपवायचा नव्हता.

म्हणून कॅमेरा गळ्यात घालून फिरायला लागले.

इमारतींच्या नव्या सेक्टरांमध्ये तुझा कॅमेरा कुणाला ओळखू येत नाही, म्हणून सगळ्यांना आवडतो. मॉलच्या पायऱ्यांवर एका पोरीनं विचारलं, "दीदी, खरा आहे की शोपीस?" चालतो म्हटल्यावर तिनं तो मागून घेतला, गळ्यात घातला आणि मैत्रिणीकडून मोबाईलवर आठ-दहा फोटो काढून घेतले. एकात तर कॅमेऱ्याला गाल लावला. मी हात पुढं करून उभी होते. त्या भिंगासमोरून काय काय गेलंय ते तिला सांगावं असं वाटत होतं आणि सांगू नये असंही वाटत होतं. परत देताना म्हणाली, खूप हेवी आहे. मी म्हटलं, हो.

त्या अकरांतला पहिला फोटो तिचाच काढला. मी खाली बघतेय म्हणजे फोटो काढतेय हे तिला कळलंच नाही. माझ्या मोबाईलवर मेसेज आलाय असं समजून ती थांबून राहिली होती.

आमच्या यार्डाच्या गेटवर सिक्युरिटीच्या माणसानं बॅग उघडायला लावली. आत कॅमेरा न्यायला बंदी आहे, ते मला माहीत होतं, घरी ठेवायचं विसरले होते. तो बिचारा हात न लावता वाकून बघत होता. काय आहे, मीटर आहे का, विचारलं. मी वरचं झाकण उघडून काच दाखवली. गेटातून ट्रेलर बाहेर पडत होता, काचेत तो आत येताना दिसला. सिक्युरिटीवाला दोनदा काचेत आणि दोनदा रस्त्यावर बघून म्हणाला, "मॅडम, ह्याच्यात गेलेला माणूस परत येतो की." त्यानं ते हसत म्हटलं. दिवसभर लॉकरमध्ये कॅमेरा होता आणि माझ्या हातून तीन चलनं चुकली.

तळ्याकाठी सकाळी चालायला येणारे एक साहेब भेटले. ट्रॅकसूट, कानात यंत्र, रिटायर झालेले. त्यांनी मला वीस मिनिटं फिल्मवर भाषण दिलं. मी कॅमेरा चुकीचा धरलाय, पट्टा आखूड करायला हवा, आणि एकूणच बायकांना हे प्रकरण जड जातं. मी ऐकून घेतलं. माझ्या मामाचा आहे म्हटल्यावर म्हणाले, "वा, मामांना हौस होती?"

"हौस नाही, धंदा होता."

"लग्नाचे काढायचे?"

"नाही. मयताचे."

मघापासून कॅमेऱ्यावर ठेवलेला हात त्यांनी काढला आणि ट्रॅकसूटला पुसला. आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण एकदम मवाळ झाले. "आमच्या वडिलांचा फोटो नाही हो आमच्याकडे," एवढं म्हणून पुढं चालू लागले. पाठमोरे जाताना मी त्यांचा एक काढला.

गावठाणात गेलं की सगळं फिरतं. मधे एक रस्ता आहे, तो ओलांडला की हाच डबा बघून माणसं आवाज खाली करतात. सायकलवरचा म्हातारा उतरून हातात सायकल धरून चालायला लागतो. कोपरखैरण्याच्या बाजारात एक मावरेवाली मला बघून ओरडली, "ए बाय, त्यो डबा झाक आधी. अजून बोहनी नाय झाली माझी." मी ओढणीनं कॅमेरा झाकला, तिच्याकडून बोंबील घेतले आणि तिची बोहनी केली, तेव्हा ती शांत झाली. मग स्वतःहून म्हणाली, माझ्या आजीचा काढलेला त्या फोटोवाल्यानं. आता कुठं असतो तो?

मी म्हटलं, असतो. खोटं बोलले मामा. कंटेनरमध्ये काय आहे ते खोटं लिहिणाऱ्याची फाइल मी परत पाठवते, आणि बोंबलांच्या टोपलीसमोर मला खरं सांगता आलं नाही.

असे दहा झाले. शेवटचा उरला तेव्हा मी परत शिरवण्याला गेले. का ते नक्की सांगता येणार नाही. तुझा स्टुडिओ होता तिथं आता सहा मजली इमारत आहे, खाली केक शॉप. तिच्या मागच्या गल्लीत एक अगदी वाकलेली म्हातारी ओट्यावर बसली होती. तिनंही तेच विचारलं. कोन गेला. ह्या वेळी मी सांगितलं.

"माझा मामा गेला आजी. बाळाराम. फोटोवाला."

तिनं पदर डोक्यावर घेतला. माझं मनगट धरून उठली आणि मला आत घेऊन गेली. खोलीत टीव्ही चालू होता, तो बंद केला. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो, काळी फ्रेम, आत सोनेरी रेघ. मिशा, पागोटं आणि माझे डोळे. बुबुळात ती खिडकी. तशी खिडकी आता जगात कुठंच नाही, फक्त ह्या गावातल्या मेलेल्या माणसांच्या डोळ्यांत आहे.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "आजी, हे डोळे त्यांचे नाहीत, हे तुम्हाला कळलं नाही?"

म्हातारी हसली. "मना नाय कललं? चालीस वरसं संसार केला त्याचेशी. मीच सांगितला बालारामला, सरल माझेकरं बघनारं डोलं दे. जिता होता तवा कवा बघला नाय माझेकरं. आता रोज बघतंय."

मी खुर्चीवर बसले. लोकांना तू फसवतोस, असं मी म्हटलं होतं. लोक घरून ठरवून यायचे, त्यांना काय हवंय ते तुझ्या कानात सांगायचे, आणि तू ते कुणाला सांगायचा नाहीस. त्या दिवशी दुकानात तो माणूस उभा होता. त्याच्या आईविषयी त्यानं तुला काय सांगितलं होतं? तू मला उत्तर देऊ शकत होतास. दिलं असतंस तर त्याचं गुपित उघडं पडलं असतं. म्हणून तू मला शिकलेली म्हणालास आणि गप्प बसलास. असं मला आता वाटतं. खरंच तसं होतं का, हे सांगणारं कुणी उरलं नाही.

म्हातारी बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मग भिंतीकडं. मग परत माझ्याकडं. आणि चहा टाकायला आत गेली. निघताना मी म्हटलं, आजी, शेवटचा एक फोटो उरलाय, तुमचा काढू? मला वाटलं हाकलून देईल.

"काड," म्हणाली. "आता डोलं उघडं हायत. तुझी मेनत वाचंल."

रोल मुंबईतल्या एका जुन्या लॅबला दिला. आठ दिवसांनी घ्यायला गेले तर काउंटरवरच्या माणसानं पाकीट न उघडता पुढं सरकवलं आणि विचारलं, पहिला मोठा करायचा असेल ना. त्यानं तुझा फोटो बघितला होता. बाकीचे अकरा कसे आलेत ते मी अजून नीट बघितलेलं नाही.

मोठी प्रिंट घेऊन मी मामीकडं गेले. तुझे ब्रश तिनं बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते, भिंगही. मी आधी आपल्या घरी आरशासमोर बसून बघितलं होतं, साध्या कागदावर. माझे डोळे मला काढता येत नाहीत. बघायला गेलं की तेच बघायला लागतात, काढायचं कोणी? शिवाय त्या गावात माझे डोळे पुष्कळ झाले. आणि तुझ्या तोंडावर माझे डोळे बसवून मी तुझ्याकडं कशी बघणार होते?

मी मामीलाच खिडकीशी बसवलं.

तिला ते आधी पटेना. माझे कशाला, मी काय फोटोतली आहे का. मग बसली. तुला वाटतं तेवढं सोपं नव्हतं तिला बसवणं. कुकरची शिट्टी झाली की उठते. मी नीट धरलंय का ब्रश, हे बघायला पुढं वाकते. तो असा नव्हता धरत, म्हणते. आणि मधेच तिचे डोळे भरून येतात. पाणी आलं की डोळ्याचा आकार बदलतो, मग थांबावं लागतं. तिनं तुझ्यामागं एवढ्या दिवसांत कुणासमोर रडून घेतलं नव्हतं. माझ्यासमोर स्टुलावर सरळ बसून, हात मांडीवर ठेवून, न हुंदका देता तिचे डोळे वाहतात आणि मी ब्रश हातात धरून बसते. तीन रविवार असेच गेले.

तिसऱ्या रविवारी मी तिला विचारलं. तिच्याकडं न बघता, भिंगातून खाली बघतच विचारलं. मामी, मामा माझ्यावर रागावलेला होता का?

तिनं पदरानं डोळे कोरडे केले. मग म्हणाली, "तुला वाईट कवा बोलला नाय. कोनाला बोलूनबी नाय दिला. पन पोरीचं बरोबर होतं, असंबी कवा बोलला नाय."

तिनं खोटं सांगितलं असतं तर मी मानलं असतं मामा. ह्या खेपेला मानलं असतं.

तुझा उजवा डोळा काल पूर्ण झाला. वाईट नाही जमलेला. बुबुळात उजेडाचा ठिपका ठेवलाय, ह्या घरच्या खिडकीला ग्रिल आहे म्हणून तो जरा तुटक आलाय. मामीनं बघितला आणि संध्याकाळी फोटो कपाटात ठेवू दिला नाही. टेबलावर, भिंतीला टेकून उभा केला. डावा डोळा अजून मिटलेला आहे. तो पुढच्या रविवारी. मी निघताना चपला घालायला वाकले तर वाटलं, तू बघतोयस. मान वर करून मीही बघितलं, बराच वेळ. माणसाचा राग गेला की नाही, ते एका डोळ्यावरून कळत नाही.